जगातली माझी आवडती ठिकाणं, सगळी पाण्याची

युरोपच्या टूरमध्ये रोमच्या वाट्याला जेमतेम दीड दिवस येतो. कलोसियम, व्हॅटिकन आणि संध्याकाळी त्रेवीचं कारंजं. लोक कारंज्याकडे पाठ करून खांद्यावरून नाणं टाकतात, फोटो काढतात आणि पुढे जातात. त्या कारंज्यात पाणी येतं कुठून, हे फारसं कुणी विचारत नाही. ते येतं अ‍ॅक्वा व्हिर्गो नावाच्या नळातून, म्हणजे लांबून पाणी आणणाऱ्या बंदिस्त पाटातून. अग्रिपा नावाच्या रोमन सेनापतीने तो इसवी सनापूर्वी १९ साली शहरात आणला, जवळजवळ सगळा जमिनीखालून. मधल्या काळात मोडतोड झाली, दुरुस्त्या झाल्या, पण पाण्याची वाट तीच राहिली. कारंजं पुरं झालं १७६२ मध्ये, म्हणजे पानिपतानंतरच्या वर्षी. त्याच्या आधी सतराशेहून जास्त वर्षं रोमकर तेच पाणी पीत होते. मला त्या संगमरवरी मूर्तींपेक्षा हे जास्त भव्य वाटतं.

मी पुण्यात पाणीपुरवठ्याचं काम करत निवृत्त झाले. लेव्हल काढणं, लाइन टाकणं, टाक्या, पंप, व्हॉल्व्ह, गळत्या, आणि पेठांमधून येणारे 'आमच्याकडे पाणी चढत नाही' असे फोन. त्यामुळे निवृत्तीनंतर आम्ही दोघं फिरायला लागलो तेव्हा नकाशा माझ्याकडे आला आणि जेवणाचं खातं ह्यांच्याकडे. मी जी ठिकाणं निवडली ती सगळी पाण्याची निघाली. समुद्रकिनारे नव्हेत. माणसाने डोकं लावून पाणी आणलं, साठवलं, वाटलं किंवा अडवलं, अशा जागा.

त्या ठिकाणांना माझी कसोटी एकच आहे. तिथलं पाणी अजून वाहतं का, आणि कुणाच्या कामी येतं का? देखणेपणाला गुण देते, पण नंतर. ही कसोटी मी पुण्यातच शिकले. नानासाहेब पेशव्यांच्या काळात कात्रजच्या तलावातून शनिवारवाड्यापर्यंत पाणी आणलं, ते नुसत्या उतारावर. दगड-चुन्याचा बंदिस्त पाट, आत माणूस उतरून गाळ काढू शकेल एवढा. वाटेत हवा खेळायला आणि तपासणीला उच्छ्वास, आणि पेठांमध्ये हौद. काळा हौद, बदामी हौद, सदाशिव पेठेतला हौद. आमच्या पिढीने हौदाचं पाणी भरलेलं आहे. तेव्हा जगात कुठेही जुना नळ दिसला की मी आधी उतार बघते, मग गाळ कुठे बसवलाय ते बघते आणि शेवटी वाटणी.

रोमला गेलात तर एक अख्खी संध्याकाळ जलसेतूंच्या बागेसाठी काढा. मेट्रोची ए लाइन, ज्युलिओ अग्रिकोला स्टेशन, तिथून थोडं चालत. तिकीट नाही, रांग नाही. क्लॉडियस बादशहाने इ. स. ५२ मध्ये पुऱ्या केलेल्या अ‍ॅक्वा क्लॉडियाच्या कमानी गवतातून शहराच्या दिशेने जातात. आसपासच्या इमारतींमधले लोक कुत्री घेऊन फिरायला येतात, म्हातारी माणसं बाकांवर बसतात. कमानी जिथे तुटल्यात तिथे माथ्यावरच्या पाटाचा छेद स्वच्छ दिसतो. एक चौकोनी पोकळी आणि तिच्या डोक्यावर दुसरी, कारण क्लॉडियाच्या वरून अ‍ॅनिओ नोव्हस नावाचा दुसरा नळ नेलेला होता. पाया एकदाच बांधायचा आणि लाइनी दोन टाकायच्या. खर्च वाचवण्याची ही पद्धत बघून मी खूश झाले.

शहरात रस्तोरस्ती बिडाचे नळ आहेत, १८७४ पासून बसवत आलेले, सुमारे अडीच हजार. पाणी अखंड वाहतं, थंडगार, पिण्याचं. तोंडाशी बोट दाबून धरलं की वरच्या छोट्या भोकातून धार उसळते आणि ओंजळ न धरता पिता येतं. ते न थांबणारं पाणी बघून पहिल्या दिवशी माझा जीव खालीवर झाला होता. आणखी एक गोष्ट सांगते. इ. स. ९७ मध्ये फ्रॉन्टिनस नावाचा माणूस रोमच्या पाण्याचा मुख्य अधिकारी झाला. त्याने लिहून ठेवलंय की रस्त्यांच्या फरसबंदीखालून चोरट्या नळ्या टाकलेल्या सापडल्या, पाण्यावर नेमलेली माणसंच पैसे घेऊन लाइनीला भोकं पाडत होती, आणि त्या नळ्या उखडल्यावर बरंच शिसं हाती लागलं. अनधिकृत कनेक्शन तोडायला मीही टीम घेऊन गेलेली आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा तो अधिकारी मला आमच्याच खात्यातला वाटतो.

व्हेनिसमध्ये सगळे गोंडोला बघतात. मी विहिरी बघितल्या. चारी बाजूंना पाणी, पण खारं. बेटावर गोडं पाणी नाही. मग त्या लोकांनी पाऊस साठवला. तिथल्या प्रत्येक छोट्या चौकात मधोमध कोरीव दगडी कठडा दिसतो, वर झाकण. त्याच्या भोवतीची फरसबंदी नीट बघा. ती किंचित उतरती आहे, आणि उताराच्या खालच्या टोकाला दगडात भोकं आहेत, सहसा चार. पावसाचं पाणी तिथून आत जातं. खाली चौकाएवढा खड्डा खणून त्याला मातीचा, म्हणजे चिकणमातीचा, जाड लेप दिलेला असतो. त्यामुळे बाहेरचं खारं पाणी आत येत नाही आणि आतलं बाहेर जात नाही. खड्ड्यात भरलेली असते वाळू. पाणी वाळूतून गाळत गाळत मधल्या विटांच्या विहिरीत बुडापासून चढतं. म्हणजे अख्खा चौक हाच एक सँड फिल्टर, आणि वर मुलं खेळतात. काही कठडे दोन-तीन पायऱ्या उंचावर आहेत, ते भरतीचं पाणी आत शिरू नये म्हणून. उन्हाळ्यात विहिरी आटल्या की मुख्य भूमीवरून होड्या भरून पाणी आणून त्यांत ओतायचे. टँकर तिथेही होते. १८८४ मध्ये मुख्य भूमीवरून नळाचं पाणी आलं आणि विहिरींची झाकणं बंद झाली.

मी एका चौकात फरशीवर बसून बाटलीतलं पाणी ओतलं आणि ते कुठे जातं ते बघितलं. अगदी बरोबर भोकाकडे गेलं. ह्यांनी तेवढ्यात समोरच्या कॉफीवाल्याशी मैत्री केली होती. तो बाहेर येऊन आम्हाला दुसऱ्या गल्लीतली त्याहून जुनी विहीर दाखवायला घेऊन गेला. व्हेनिस महाग आहे, गर्दीचं आहे, सान मार्को चौकात तर उभं राहवत नाही. पण सकाळी लवकर मागच्या वस्तीतल्या चौकांमधून फिरलात तर एक रुपया न देता मध्ययुगातली सगळ्यात हुशार पाणीयोजना पायाखालून बघायला मिळते. कसोटीवर मात्र ते कमी पडतं, कारण झाकणं बंद आहेत.

इस्तंबूलची जमिनीखालची टाकी, येरेबातान, बहुतेकांना माहीत असते. जस्टिनियन बादशहाची, सहाव्या शतकातली. ३३६ खांब, साधारण नऊ मीटर उंच, २८ खांबांच्या १२ रांगा. क्षमता साधारण ८ कोटी लिटर. हा आकडा वाचल्यावर मी मनातल्या मनात आमच्या पर्वतीच्या टाक्यांशी हिशेब करायला लागले. खांब नवे घडवलेले नाहीत, पडक्या इमारतींचे उचलून आणलेले आहेत, म्हणून कुणाची नक्षी वेगळी, कुणाची उंची कमी. एका कोपऱ्यात दोन खांबांच्या खाली मेडुसाची डोकी आहेत, एक आडवं, एक उलटं. गर्दी तिथेच असते. मी तुम्हाला भिंत बघायला सांगेन. विटांची, चार मीटर जाडीची, आणि आतून पाणी न झिरपणारा गिलावा. विटांची पूड घातलेला चुना, म्हणजे आपली सुरखी. आपल्या जुन्या हौदांना आणि वाड्यांना तोच हात आहे.

या टाकीची एक गोष्ट मला फार आवडते. मधल्या काळात शहर तिला विसरलं होतं. सोळाव्या शतकात एक फ्रेंच अभ्यासक आला, तर वरच्या घरांमधले लोक तळघरातल्या भोकातून बादल्या सोडून पाणी काढत होते आणि कधी कधी मासेसुद्धा. त्याच्यावरून त्याने टाकी शोधली. २०२२ मध्ये मोठी दुरुस्ती करून ती पुन्हा उघडली आहे. आता चालायचा मार्ग पाण्याच्या अगदी जवळून जातो. परदेशी माणसाला तिकीट बऱ्यापैकी जड पडतं आणि रंगीत दिव्यांचा मारा मला नको होता. शांतपणे बघायचं असेल तर जवळच थिओडोसियसच्या नावाची छोटी टाकी आहे, ३२ खांबांची. तिथे गर्दी कमी असते. आणि व्हॅलेन्सचा जलसेतू विसरू नका. चौथ्या शतकातला तो दगडी सेतू आज मोठ्या हमरस्त्यावर उभा आहे आणि कमानींखालून गाड्या धावतात. आम्ही जवळच्या हॉटेलात मसुराचं सूप आणि पाव घेऊन खिडकीतून तेच बघत बसलो.

आता श्रीलंका. मला जगात सगळ्यात जास्त आवडलेली जागा कुठली असं कुणी विचारलं तर मी कलावेवा सांगते आणि समोरचा माणूस गप्प होतो, कारण नाव ऐकलेलं नसतं. पाचव्या शतकात धातुसेन राजाने बांधलेला हा तलाव. बांधावरून रस्ता जातो. एका बाजूला क्षितिजापर्यंत पाणी, दुसऱ्या बाजूला खाली हिरवीगार भातखाचरं. इथून योध एळ नावाचा कालवा निघतो आणि सुमारे ८७ किलोमीटर जाऊन अनुराधपुराच्या तिस्सवेवाला पाणी देतो. त्याच्या पहिल्या २७ किलोमीटरमध्ये उतार किती आहे? किलोमीटरमागे साधारण १० सेंटीमीटर. एक वीत पण नाही नीट. ज्यांनी डंपी लेव्हल, म्हणजे उंचसखलपणा मोजायची दुर्बीण, लावून उन्हात स्टाफ, म्हणजे मापाची पट्टी, वाचलाय त्यांना विचारा, याचा अर्थ काय. तेवढा उतार कायम ठेवून, डोंगराच्या कडेने वळणं घेत, दुर्बीण नसताना कालवा खणणं म्हणजे काय चीज आहे! मी काठावर उभी राहिले तेव्हा पाणी हलतंय की नाही हेच आधी कळेना. मग एक वाळकं पान टाकलं. ते संथपणे निघालं, अनुराधपुराच्या दिशेने.

धातुसेनाची कथा तिथे सगळ्यांना ठाऊक आहे. त्याचा मुलगा काश्यप याने गादी बळकावली आणि बापाला कैद केलं. 'खजिना कुठे लपवलास' म्हणून छळ सुरू झाला. बाप म्हणाला, मला कलावेवाला घेऊन चला, दाखवतो. तिथे तो पाण्यात उतरला, अंघोळ केली, ओंजळीत पाणी घेतलं आणि हीच माझी सगळी दौलत म्हणून सांगितलं. मुलाने त्याला मारून टाकलं. हाच काश्यप मग सिगिरियाच्या प्रचंड खडकावर राजवाडा बांधून राहिला, आणि आज सगळं जग तो खडक बघायला येतं. बापाच्या तलावावर बस थांबत नाही. मला याचं मनापासून वाईट वाटतं. आम्ही ज्या गाडीने गेलो तिचा चालक अनुराधपुराकडचा होता, शेतकऱ्याचा मुलगा. मी विचारलं, "तुमच्या शेताला पाणी कुठून?" त्याने मागे न बघता बोट दाखवलं, "इथलंच." बस, तिथे माझी कसोटी पुरी झाली. दीड हजार वर्षं झाली, तलाव भरतो, कालवा वाहतो, भात पिकतो.

सिगिरिया मात्र टाळू नका. हजारावर पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर वर जाऊ नका, खालच्या बागाच पुरे आहेत. पायथ्याशी पाचव्या शतकातली कारंजी आहेत. उथळ दगडी टाक्या, त्यांच्यावर भोकं पाडलेल्या चुनखडीच्या गोल चकत्या, आणि पाणी येतं वरच्या तलावांतून जमिनीखालच्या वाटांनी, नुसत्या हेडवर, म्हणजे उंचीमुळे येणाऱ्या दाबावर. चांगला पाऊस झाला की ती अजून उडतात. शनिवारवाड्याच्या हजारी कारंज्याचं तंत्र हेच, पण तिथल्या पाण्याचं आज फक्त चित्र मनात आणावं लागतं. इथे चकतीवर तळहात ठेवला तर खालचा ओलावा लागतो.

या लोकांनी तलावाच्या बांधाच्या आतल्या अंगाला, जिथे पाणी बाहेर काढायची मोरी सुरू होते तिथे, दगडी चौकोनी विहीर बांधायची युक्ती काढली होती. तिला बिसोकोटुव म्हणतात. पाण्याचा दाब आधी त्या विहिरीत मोडायचा आणि मग मोजून पाणी मोरीत सोडायचं. मोठ्या तलावातून पाणी काढताना बांध फुटतो तो बहुतेक मोरीपाशी, म्हणून ही विहीर. व्हॉल्व्हच्या कित्येक शतकं आधीचा हा व्हॉल्व्ह. अनुराधपुराच्या बाजूला जुन्या तलावांवर त्या अजून बघायला मिळतात, विचारावं लागतं. शाळकरी मुलंसुद्धा नाव ओळखतात.

जेवणाचं ह्यांचं मत असं, की रस्त्याकडेला मातीच्या बोळक्यात मिळणारं म्हशीचं दही आणि वर कितुळ माडाचा काकवीसारखा पाक, यासाठी श्रीलंकेला परत जावं. मी सहमत आहे. शाकाहारी माणसाची तिथे आबाळ होत नाही. वरण, भात, फणसाची भाजी, नारळ घातलेल्या पालेभाज्या सगळीकडे मिळतात. तिखटाची सवय असेल तरच 'स्पायसी चालेल' म्हणा.

फ्रान्समधला पाँ द्यू गार सेतू सगळ्या पुस्तकांत असतो, आणि तो आहेच तसा. तीन मजली, ४९ मीटर उंच, खाली नदीत लोक पोहत असतात. पण त्याहून माझं मन रमलं नीम गावात. तो सेतू ज्या ५० किलोमीटरच्या नळाचा एक तुकडा आहे त्याचा एकूण उतार साडेबारा मीटरच्या आसपास, आणि तो नळ जिथे संपतो ती वाटणीची टाकी नीमच्या एका गल्लीत उघड्यावर आहे. गोल हौद, साधारण साडेपाच मीटर व्यासाचा, आणि भिंतीला ओळीने दहा गोल भोकं, ज्यांतून शिशाच्या नळ्या शहराच्या वेगवेगळ्या भागांत जायच्या. तळाला आणखी तीन, हौद रिकामा करायला. गावाचं सगळं राजकारण या दहा भोकांत होतं, कारण कुणाला किती पाणी, हे तिथे ठरायचं. लोखंडी कठड्यापाशी आम्ही दोघंच होतो. स्पेनचा सेगोव्हियाही बघा, माद्रिदहून जलद गाडीने अर्ध्या तासात होतो. चुना न वापरता नुसते ग्रॅनाइटचे दगड रचून उभा केलेला सेतू. सुंदर आहे, दोन तासांत मन भरतं.

कंबोडियात अंकोरला सगळे सूर्योदयासाठी मंदिरासमोर उभे असतात, तेव्हा आपण खंदकाच्या काठाने फिरावं. हा खंदक जवळजवळ १९० मीटर रुंद आहे. त्याच्यातल्या पाण्यामुळे खालची वाळूची जमीन ओली राहते आणि एवढं मोठं देऊळ खचत नाही. पश्चिमेचा बाराय, म्हणजे अकराव्या शतकातला मानवनिर्मित तलाव, सुमारे आठ किलोमीटर लांब आणि दोन किलोमीटर रुंद आहे आणि आजही त्यात पाणी असतं. गावकरी रविवारी तिथे डबे घेऊन येतात. त्याच्या मधल्या बेटावरच्या देवळात १९३६ मध्ये शेषशायी विष्णूची काशाची प्रचंड मूर्ती सापडली.

मराठी माणसाने मात्र काहीही करून क्बाल स्पियनला जावं. अंकोरजवळच्या सिएम रीप शहराहून साधारण ५० किलोमीटर, मग जंगलातून दीडेक किलोमीटर चढण. वर नदीच्या पात्रातल्या खडकावर शेकडो शिवलिंगं कोरली आहेत, ओळीने, पाण्याखाली. शेजारी शेषावर पहुडलेला विष्णू आणि पायाशी लक्ष्मी. खाली शेतात जाण्याआधी पाणी त्या लिंगांवरून वाहत जावं, पवित्र होऊन जावं, म्हणून. आमच्याबरोबर माझी नणंद होती. तिने चपला काढून पाण्यात पाय ठेवला नाही, काठावरूनच नमस्कार केला आणि म्हणाली, "वहिनी, इथे आपोआप अभिषेक चालू आहे गं." पावसाळा संपल्यासंपल्या, नोव्हेंबर-डिसेंबरात जा. उन्हाळ्यात पात्र कोरडं असतं. चढण सोपी आहे पण मुळांवरून पाय घसरतात, पकड असलेले बूट हवेत.

नेदरलँड्समध्ये किंडरडाइकच्या १९ पवनचक्क्या बघितल्या. रॉटरडॅमहून बोटीने जाता येतं, छान जागा आहे, फोटो चांगले येतात. पण मी गेले होते झीलंडमधल्या आउवरकर्क गावच्या पुराच्या संग्रहालयासाठी. १९५३ मध्ये ३१ जानेवारीच्या रात्री वादळाने समुद्राचे बांध फोडले आणि त्या देशात १,८३६ माणसं गेली. शेवटचं भगदाड बुजवायला युद्धातले काँक्रीटचे अवाढव्य पेटारे आणून बुडवले, त्यातले चार अजून तिथेच आहेत आणि त्यांच्याच पोटात हे संग्रहालय आहे. आत शिरलं की थंड, ओलसर, काँक्रीटचा वास. चिखलातून निघालेली भांडी, एका पायाचा बूट, भिजून फुगलेलं फोटोंचं पुस्तक. पुढच्या पेटाऱ्यात अंधारात वाळूवर गेलेल्यांची नावं उमटत जातात, एकेक.

मी १२ जुलैच्या घरातली आहे. आमचा वाडा नारायण पेठेत होता. १९६१ मध्ये त्या दिवशी पानशेत धरण फुटलं, मग खडकवासला, आणि आईने अंगावरच्या लुगड्यानिशी आम्हाला उचलून वरच्या अंगाला नेलं. पाणी ओसरल्यावर वाड्यात परत आली तर जोत्यावर हातभर गाळ आणि देवघरातले देव गायब. खडकवासलाच फुटल्यामुळे नळाला पाणी नव्हतं. एवढ्या पुरानंतर पिण्याच्या पाण्यासाठी वणवण, असं ती सांगायची. त्या थंड पेटाऱ्यात उभं राहून मी ह्यांचा हात घट्ट धरला. आपल्याकडे असं एक ठिकाण हवं. पुण्यात, नदीकाठी, जिथे नावं असतील, भांडी असतील, आणि धरण का फुटलं याची आकृती असेल, शाळेतल्या मुलांना समजेल अशी. डच लोकांनी त्या पुरानंतर डेल्टाची, म्हणजे समुद्र अडवायची मोठी कामं हाती घेतली, आणि लोकांनी ती रात्र विसरू नये म्हणून हे उभं केलं. लांब आहे, बस बदलून जावं लागतं, अख्खा दिवस जातो. जा.

क्योटोबद्दल थोडं लिहिते, कारण तिथे सगळे लाल कमानींच्या देवळात आणि बांबूच्या बनात जातात. नान्झेन-जी या देवळाच्या आवारात लाल विटांचा एक जलसेतू आहे, १८८८ सालचा. जुन्या लाकडी देवळाशेजारी विटांच्या कमानी, आणि त्यावरून अजून पाणी वाहतं. बाजूच्या पायवाटेने वर चढलात तर पाट डोळ्यांनी दिसतो. राजधानी टोकियोला गेल्यावर क्योटो ओस पडायला लागलं, तेव्हा बिवा सरोवराचं पाणी बोगदे खणून शहरात आणायचं ठरलं. काम दिलं तानाबे साकुरो नावाच्या पोराला, नुकताच इंजिनिअर झालेला, पदवीचा प्रबंधच या कालव्यावर लिहिलेला. वीस-बावीस वर्षांचा मुलगा. कालवा १८९० मध्ये पुरा झाला. मधे तो अमेरिकेला जाऊन पाण्यावर वीज कशी करतात ते बघून आला आणि १८९१ मध्ये केआगेला वीजघर सुरू झालं. त्या विजेवर शहरात ट्राम धावली. क्योटोचं पिण्याचं पाणी आजही त्याच कालव्यातून येतं. माझ्या कसोटीवर हे ठिकाण कलावेवाच्या खालोखाल.

केआगे स्टेशनातून बाहेर आलं की रुळांच्या चढणीखालून जाणारा विटांचा एक छोटा बोगदा लागतो. पाच मिनिटं तिथे थांबा आणि छताकडे बघा. विटा सरळ रांगेत नाहीत, पिळासारख्या तिरक्या लावल्या आहेत, कारण वरून रूळ तिरपे जातात आणि वजन त्या दिशेला उतरवायचं होतं. पूर्वी त्या रुळांवरून गाड्यावर होड्या चढवायचे. मी भिंतीला हात लावून एकेक थर मोजत उभी होते तर एक जपानी आजोबा थांबले, त्यांनी हाताने पीळ घातल्याची खूण केली आणि हसले. कालव्याचं संग्रहालय जवळच आहे, प्रवेश फुकट, मूळ नकाशे बघायला मिळतात.

पुण्याहून पहिल्यांदाच बाहेर जात असाल, खर्चाचा विचार असेल आणि बरोबर ज्येष्ठ माणसं असतील, तर श्रीलंकाच निवडा. मुंबईहून कोलंबोचं विमान लांबचं नाही. विमानतळावरून थेट दांबुल्लाकडे निघा, कोलंबोत रात्र घालवू नका. तिथे मुक्काम ठेवला की सिगिरिया, कलावेवा आणि अनुराधपुरा तिन्ही गाडीने होतात. कलावेवाला जाताना जवळच अवुकनची उभी बुद्धमूर्ती लागते, तीही बघा. डिसेंबर-जानेवारीत पाऊस होऊन गेलेला असतो, तलाव तुडुंब असतात आणि सिगिरियाची कारंजी उडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. योध एळच्या काठाने चालायचं असेल तर चालकाला आदल्या दिवशीच सांगून ठेवा, छत्री घ्या आणि सकाळी सातच्या आत निघा. नऊनंतर ऊन सोसवत नाही.